सतरावी स्लाइड

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावात दोन आवाज एकदम सुरू होतात. पहिला सगळ्यांनाच ऐकू येतो. शनिवारी सकाळी शेजारपाजारचे लोक पाठीला मशीन बांधून अंगणातली पानं उडवायला लागतात आणि दुपारपर्यंत कुणालाच कुणाचं बोलणं ऐकू येत नाही. दुसरा आवाज बारीक असतो. तो म्हणजे अर्ज भरणाऱ्या मुलांचे उसासे. कुणाला पुढच्या शिक्षणाचा अर्ज करायचा असतो, कुणाला स्कॉलरशिपचा. मुलं सुट्टीत घरी आली की आयांच्या चेहऱ्यावर परीक्षेचे भाव येतात आणि आमच्या घराची बेल जरा जास्तच वाजायला लागते. त्याला कारण आहे. इथल्या मराठी मंडळींत 'डिझाइनवाली काकू' मी एकटीच.

यंदा मागच्या गल्लीतल्या शिल्पाची ईशा आली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला कापडावरच्या छपाईवर संशोधन करायचंय आणि त्यासाठी एक फेलोशिप हवी आहे. बूट दारातच भिरकावून, लॅपटॉप उराशी धरून आत आली.

"काकू, कॅन यू जस्ट रीड इट? इट्स ओन्ली टू पेजेस."

"वाचते. आधी चहा घेणार का?"

"नो थँक्स. ओके, हाफ कप."

तिने लॅपटॉप उघडून दिला. तिच्या कामाची वीस चित्रं एका ओळीत मांडलेली होती. एक बटण दाबलं की सगळी निघाली त्या कमिटीकडे. मी विचारलं, "आणि टिकली कुठे लावतेस?"

"व्हॉट टिकली?"

तिला कुठून माहीत असणार! आमच्या वेळी प्रत्येक चित्राला टिकली लावावी लागायची. मी हसले आणि चहा टाकायला उठले. उठले खरी, पण मन तोवर २००४ सालच्या ऑक्टोबरात जाऊन बसलं होतं.

तेव्हा आम्ही अपार्टमेंटमध्ये राहत होतो. माझा नवरा अभय गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत इंजिनीअर. सकाळी साताला जो बाहेर पडायचा तो अंधार पडायच्या सुमाराला परत. मी त्याच्या व्हिसावर आलेली डिपेंडंट. म्हणजे राहायला परवानगी, नोकरीला नाही. नाशिकच्या कला महाविद्यालयात पाच वर्षं अक्षरलेखन शिकलेली मी, सहा वर्षं प्रत्येक फॉर्मवर 'हाउसवाइफ' असं सुवाच्य अक्षरात लिहीत होते. त्या शब्दाला कमीपणा नाही. पण तो लिहिताना माझं अक्षर दर वेळी थोडं बारीक व्हायचं, हे माझ्या लक्षात आलं होतं. अक्षर शिकलेल्या माणसाला स्वतःचं अक्षर वाचता येतं, हा एक त्रासच आहे.

आमच्या घरापासून पाऊण तासावर एक विद्यापीठ होतं. तिथल्या डिझाइन विभागात दर वर्षी एका विद्यार्थ्याला संशोधनासाठी पूर्ण शिष्यवृत्ती मिळायची. ती मिळाली तर व्हिसा बदलून शिकता येणार होतं. नाही मिळाली तर नाही. इतका साधा हिशोब होता. माझ्याकडे दुसरा रस्ता नव्हता आणि वय तिशीला टेकलं होतं. त्यामुळे तो हिवाळा माझ्यासाठी नुसता हिवाळा नव्हता. 

संशोधन कशावर करायचं हे मात्र मला मोरीत सापडलं. मोरी म्हणजे आपलं सिंक.

सुमनकाकूंकडे दिवाळीचं पॉटलक होतं. सुमनकाकू मूळच्या नागपूरच्या, सत्तरच्या दशकात इथे आलेल्या. त्यांच्या घरी चाळीस माणसं म्हणजे घरगुती कार्यक्रम. जेवणं झाली आणि निघायच्या वेळी नेहमीचा गोंधळ सुरू झाला. सगळ्यांच्या पराती, पातेली, डबे, झारे एकत्र धुऊन ओट्यावर पालथे घातलेले. सगळंच स्टील, सगळंच सारखं. मग प्रत्येक जण एकेक भांडं उचलून दिव्याखाली तिरकं धरतो आणि त्यावरचं नाव वाचतो.

"सौ. मालती... ही मालती कोण?"

"माझी सासू! दे इकडे."

"'चि. नितीन याच्या मुंजीनिमित्त.' नितीन, ही घे तुझी मुंज."

"अरे, ही परात तर माझी आहे! तीन वर्षं झाली शोधतोय!"

मी एक पातेलं हातात घेऊन वाचत राहिले. टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं. भांड्यांच्या दुकानाबाहेर पाटावर बसलेला माणूस छिन्नी आणि हातोडीने जी ठोकतो ती. नाशिकच्या भांडीबाजारात ती टकटक ऐकतच मी मोठी झाले होते, पण इथे, बाहेर बर्फाची चाहूल लागलेली असताना ती अक्षरं मी पहिल्यांदा नीट पाहिली. प्रत्येकाचा हात वेगळा होता. एकाचा 'ळ' पोट सुटलेला, एकाची रेघ नाव संपायच्या आधीच संपलेली. कुणी 'सप्रेम भेट' लिहिताना जागा कमी पडली म्हणून शेवटचा 'ट' खाली घेतलेला. ज्यांनी ही ठोकली त्यांना आपलं काम कुठवर गेलं याची कल्पनाही नसेल.

"काय पाहून राहिली तू त्या गंजात?" सुमनकाकूंनी विचारलं. नागपूरकडे पातेल्याला गंज म्हणतात. "घासलं नाही का नीट?"

"घासलंय हो काकू. मला याचा फोटो काढायचाय."

"गंजाचा? माणसं काय कमी पडली?"

पण बाई मोठ्या मनाच्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पंधरा घरी फोन केले आणि महिन्याभरात माझ्या बैठकीच्या खोलीत दुकान थाटल्यासारखी भांडी जमली. एकही रिकामं आलं नाही. आपल्याकडे दुसऱ्याच्या घरी भांडं रिकामं पाठवत नाहीत, मग ते फोटो काढायला का पाठवलेलं असेना. कुणी डब्यात चिवडा घातला, कुणी वाटीत चार बेसनाचे लाडू. अभय म्हणाला, "तुझं संशोधन असंच चालू दे, माझी काही हरकत नाही." त्या दोन महिन्यांत त्याचं वजन वाढलं.

फोटो काढणं मात्र सोपं नव्हतं. स्टीलचा फोटो काढायला गेलं की स्टील आपलाच फोटो काढतं. पहिला रोल धुऊन आला तेव्हा प्रत्येक डब्याच्या पोटात मी होते. हिरव्या स्वेटरमधली, एक डोळा मिटलेली, नाक पसरलेलं. मग खुर्च्यांवर पांढरी चादर टाकून तंबू केला, त्यात भांडं ठेवलं आणि चादरीला भोक पाडून त्यातून कॅमेरा आत घातला. तेव्हा डिजिटल कॅमेरे निघाले होते, पण कमिटीला स्लाइड्सच हव्या होत्या, म्हणजे मशीनमध्ये घालून पडद्यावर बघायच्या, चौकटीत बसवलेल्या पारदर्शक फिल्मा. स्लाइडची फिल्म आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात धुऊन मिळायची नाही. ती बाहेरगावी जायची आणि आठवड्याने यायची. आठवडाभर आपण काय काढलंय हे कळायचंच नाही. सगळा खेळ सबुरीचा.

मग त्या इवल्या स्लाइड्स एकेक करून खिडकीपाशी उजेडात धरायच्या. वीस निवडायच्या. प्रत्येकीच्या चौकटीवर बारीक अक्षरात आपलं नाव, कामाचं नाव, वरची बाजू कुठली त्याचा बाण. आणि डाव्या कोपऱ्यात खाली एक लाल टिकली, म्हणजे मशीनमध्ये घालणाऱ्याला कळावं, कुठून धरायची. मी दुकानातून लाल ठिपके आणायची विसरले, तेव्हा माझ्या कपाळाला लावायच्या पाकिटातल्या सगळ्यात लहान टिकल्या काढून लावल्या. बघणाऱ्याला काही फरक कळला नसता. मला मात्र माझ्या वीस लेकी नटवून सासरी पाठवल्यासारखं वाटलं.

त्या विसांतली सतरावी स्लाइड माझ्या स्वतःच्या डब्याची होती. पोह्याचा मोठा डबा. त्याच्यावर वर 'कुंदा' असं नाशिकच्या हाताने ठोकलेलं आहे आणि खाली 'रेवती' असं पुण्याच्या मशीनने कोरलेलं. दोन्ही मीच. माहेरी मी कुंदा आगाशे. लग्नात नवऱ्याने ताम्हणातल्या तांदळांत अंगठीने नाव लिहिलं, रेवती. नवं नाव काय ठेवायचं ते सासरच्यांनी गुपित ठेवलं होतं, आणि आईने तर भांडी महिनाभर आधीच घेऊन ठेवली होती. तिला ठाऊक होतं तेच नाव तिने घातलं. पुढे सासूबाईंनी कौतुकाने त्याच्याखाली नवं घालून घेतलं. वरचं खोडायची कल्पना त्यांच्याही मनात आली नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

ते नाव मला आवडलं नव्हतं असं नाही. उगाच खोटं कशाला सांगू? तांदळांत 'रेवती' उमटलं तेव्हा मी लाजले होते आणि मनातल्या मनात दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. कुंदा हे तसं जुन्या वळणाचं नाव, आजीचं. पण एक गोष्ट मी धरून चालले नव्हते. ते जुनं नाव इतक्या लवकर बंद होईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यात आधी आईनेच स्वतःला वळण लावून घेतलं. सासरी बरं दिसावं म्हणून ती फोनवर 'रेवती' म्हणायला लागली. सुरुवातीला 'कुं' म्हणून अडखळायची आणि मग दुरुस्त करायची. दोन वर्षांनी अडखळायचीही थांबली. त्या दिवशी मला का रडू आलं ते मी अभयला सांगू शकले नाही. कांदा चिरत होते, ते बरं झालं.

तर स्लाइड्स झाल्या. उरलं निवेदन आणि शिफारसपत्र.

निवेदनाचा पहिला खर्डा अभयने वाचला. सुरुवात अशी होती की भारत हा प्राचीन आणि वैविध्यपूर्ण संस्कृतीचा देश आहे.

"हे सहावीच्या निबंधासारखं झालंय यार," तो म्हणाला. "'माझा देश'. दहापैकी आठ."

दुसरा खर्डा बरा झाला. छिन्नीची जात, हाताचा कोन, अक्षरांची वळणं, घरोघरी केलेल्या नोंदी, सगळं होतं त्यात. अभयने दोनदा वाचला आणि म्हणाला, "चांगलंय. पण यात तू कुठेयस?"

"मी कशाला पाहिजे? संशोधन भांड्यांवर आहे."

"अगं, अर्ज कोण करतंय? भांडी?"

मला राग आला. स्वतःबद्दल सांगत सुटणं म्हणजे शेखी मिरवणं, असंच माझ्यावर बिंबलेलं. वर्गात पहिली आले तरी 'सरांची कृपा' म्हणायचं. इथल्या मुलांना बालवाडीत उभं करून 'स्वतःबद्दल सांग' म्हणतात, आम्हाला 'पुढे पुढे करू नकोस' असं सांगितलेलं. सतराव्या स्लाइडच्या यादीतल्या ओळीतही मी एवढंच लिहिलं: वरचं नाव कुंदा, हातोडीचं काम, नाशिक, खालचं रेवती, मशीनचं काम, पुणे, मालकीण एकच. मालकीण मीच, हे लिहायला मला संकोच वाटला. आणि अर्जावर एक चौकोन होता, 'याआधीची अन्य नावं'. तो मी रिकामा सोडला. मला वाटलं, तो नाव बदलून राहणाऱ्या माणसांसाठी असणार, ज्यांना काही लपवायचं असतं त्यांच्यासाठी. आपलं काय, आपलं तर लग्न झालंय.

शिफारसपत्रासाठी मी डोंगरे सरांना फोन केला. त्यांनी मला पाच वर्षं अक्षर शिकवलं. उंच, किडकिडीत, खिशाला कायम शाईचा डाग. वर्गात पाठीमागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "घाई झालेली अक्षराला कळते बरं का." सकाळी नऊला, म्हणजे तिकडे संध्याकाळ असताना, फोनकार्डावरचे आकडे खरवडून नंबर लावला.

"हॅलो, डोंगरे सर का? सर, मी अमेरिकेतून बोलतेय. तुमची विद्यार्थिनी..."

पुढचं मला बोलूच दिलं नाही त्यांनी. सात-आठ वर्षांनी, नुसत्या आवाजावरून, तिथून ओरडले, "कुंदा? कुंदा आगाशे?"

"हो सर!"

मी किती मोठ्याने म्हणाले ते मला ओट्यावरच्या भांड्यांच्या घुमण्यावरून कळलं. सहा वर्षांत त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. सर बोलत राहिले. कुंदा, तुझा तो निळा कागद अजून आहे माझ्याकडे. कुंदा, तिकडे थंडी फार का गं? मी पत्ता सांगितला, तारीख सांगितली, पत्र परस्पर विभागाकडे पाठवायचं असतं हे सांगितलं. नवं नाव तेवढं सांगितलं नाही. विसरले नव्हते. जिभेवर आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर सरांनी लगेच 'बरं, रेवती' म्हटलं असतं, आईसारखं. ते मला त्या सकाळी नको होतं. म्हटलं, फोन ठेवताना सांगू. आणि फोन ठेवताना कार्डावरची मिनिटं संपली.

पुन्हा फोन करता आला असता. केला नाही.

जानेवारीत अर्ज गेला. फेब्रुवारीत इथे सगळं पांढरं होतं, गाड्या, झाडं, आकाश. अशाच एका दुपारी टपालात विभागाकडून एक छापील कार्ड आलं: आपला अर्ज अपूर्ण आहे. शिफारसपत्र मिळालेलं नाही. गुरुवारपर्यंत न आल्यास अर्ज विचारात घेतला जाणार नाही. कार्ड वाटेत बर्फात अडकलं असणार, कारण हातात आलं तो बुधवार होता.

 रात्र उलटायची वाट न बघता, नाशिकला किती वाजलेत याचा विचार न करता मी सरांना फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, त्यांची झोपमोडच केली मी.

"अगं, पाठवलं की! रजिस्टर्ड ए.डी.ने! थांब." कपाट उघडल्याचा आवाज आला. "ही बघ पोचपावती. सही आहे. डोना असं काहीतरी दिसतंय. 'डी' छान काढलाय बाईने."

"सर, पत्रात नाव काय लिहिलंत?"

"कुणाचं?"

"माझं."

"कुंदा आगाशे. दुसरं काय लिहिणार?"

 त्या विभागात कुंदा आगाशेचा अर्जच नव्हता. होता तो रेवती सबनीसचा. लग्नाचा दाखला आणि मार्कलिस्टा मी जोडल्या होत्या, पण त्या विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयात, वेगळ्या इमारतीत, वेगळ्या फायलीत. आणि इथे, जिथे एक शब्द लिहिला असता तर भागलं असतं, तो चौकोन मी रिकामा सोडला होता. दोष टपालाचा नाही, सरांचा नाही, अमेरिकेचाही नाही. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते मी माझ्याच लाडाने घालवलं होतं. एका हाकेच्या मोहापायी.

विभागात फोन लावला. उचलला तो डोनानेच. तिचं बोलणं मी मराठीत सांगते, पण तिचा आवाज कल्पनेनेच ऐका, जरा घोगरा आणि खोकल्याच्या गोळीचा.

मी अडखळत म्हटलं, की मी रेवती सबनीस बोलतेय, कुंदा नावाने एखादं पत्र आलंय का?

 मग ती म्हणाली, "तू कुंदाला ओळखतेस?"

"हो."

"कुठे असते ती? तिचं पत्र डिसेंबरपासून माझ्याकडे पडलंय. पत्र आहे आणि अर्जच नाही. तुला सांगू नये, पण इतकं छान पत्र मी या खुर्चीत बसून फार कमी वेळा वाचलंय. मला रोज वाटायचं, या मुलीने अर्ज का नाही केला? हिला कुणी अडवलं का?"

 मी म्हटलं, "डोना, कुंदा मीच."

"तू तर रेवती ना?"

मी सगळं सांगितलं. तांदूळ, ताम्हण, अंगठी. तिने मध्ये मध्ये 'ओह' केलं. पण ती कामात पक्की होती. म्हणाली, "माझा विश्वास आहे गं, पण कमिटी परवा बसतेय. मुख्य कार्यालयातून कागद यायला आठवडा लागेल. माझ्या फायलीत काहीतरी हवं, ज्यावरून ही दोन माणसं एक आहेत हे दिसेल."

मी म्हटलं, "सतरावी स्लाइड बघ."

ती उठल्याचा, प्लास्टिकच्या कप्प्यांची सळसळ झाल्याचा आवाज आला. मग दिव्याचं बटण.  मी फोन इतका घट्ट धरला होता की कान दुखायला लागला.

"वरचं नाव कुंदा, खालचं रेवती," तिने यादी वाचली. "मालकीण एकच. ही मालकीण कोण?"

"मी."

"मग हे तुझ्या निवेदनात का नाही? मी तुझी दोन्ही पानं वाचली. त्यात तू कुठेच नाहीस."

अगदी अभयचं वाक्य. नोव्हायमधल्या माझ्या स्वयंपाकघरात आणि पाऊण तासावरच्या त्या टेबलावर, दोघांना एकच गोष्ट दिसत होती आणि मला दिसत नव्हती. डोना म्हणाली, निवेदन आता बदलता येणार नाही, पण नावाचा खुलासा म्हणून एक पान ती फायलीत घालू शकते. फॅक्स कर, उद्या चारच्या आत.

मी ते पान हाताने लिहिलं. खर्डा केला नाही. पहिला शब्द 'मी' होता, आणि तो लिहिताना पेन थोडं अडलं. लिहिलं की मी दोन नावांची बाई आहे आणि माझ्या आईला माझं दुसरं नाव ठाऊक नव्हतं म्हणून तिने पहिलं स्टीलवर ठोकून ठेवलं. लिहिलं की आमच्या घरांत माणसांपेक्षा भांड्यांना नावं जास्त नीट आठवतात. लिहिलं की ज्या माणसाने ते नाव ठोकलं त्याने ते जपलं, मी जपलं नाही, आणि मला आता हा माणूस कसा काम करतो ते शिकायचंय. घाई केली नाही. सर पाठीमागे उभे आहेत असं समजून लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फातून गाडी हाकत, मला अजून नीट चालवताही येत नव्हती, दुकानात जाऊन फॅक्स केला.

त्या संध्याकाळी अभय त्या डब्याजवळ उभा राहून नावं वाचत होता. रोज त्यातून पोहे काढणारा माणूस, जणू पहिल्यांदा पाहत होता.

"मी तुला कधी विचारलंच नाही ना," तो म्हणाला.

"काय?"

"हेच. नाव आवडलं का, ते."

"मी तरी कुठे काही बोलले," मी म्हटलं. मग त्याने चहा केला. साखर जास्त झाली होती, पण मी प्यायले.

मार्चच्या शेवटी बर्फ काळं पडून कडेला साचलेलं असताना जाड पाकीट आलं. जाड म्हणजे चांगलं, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं. मी तिथेच टपालपेटीपाशी फोडलं. शिष्यवृत्ती मिळाली होती. वरती टाइप केलेलं होतं, 'प्रिय रेवती', आणि खाली पेनने, छान 'डी' काढून, कुणीतरी लिहिलं होतं, 'कुंदालाही कळव.' मी त्या गारठ्यात, चपलांवर, हुंदके देऊन रडले. समोरची म्हातारी बाई खिडकीतून बघत होती. तिला वाटलं असेल, कुणीतरी गेलं. कुणीतरी आलं होतं, पण हे तिला कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सरांना फोन केला. आधी माफी मागितली. म्हटलं, "सर, नवं नाव मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही. तुमच्या पत्राचा घोटाळा माझ्यामुळे झाला."

सर हसले. "अगं, मला काय कळत नव्हतं का? लग्न झालेली मुलगी, नाव बदललेलं असणार. पत्र लिहायला बसलो तेव्हा पहिला प्रश्न तोच पडला. ही पण म्हणाली, फोन करून विचारा."

"मग विचारलं का नाहीत, सर?"

"काय विचारू? त्या दिवशी मी 'कुंदा' म्हटलं आणि तू 'हो सर' म्हणालीस ना, ते अगदी वर्गातल्या हजेरीसारखं म्हणालीस. म्हटलं, असू दे. एवढ्या लांब गेलीय पोर, एका तरी कागदावर ती कुंदा असू दे."

  कार्डावरची मिनिटं जात राहिली आणि त्या दिवशी मला त्यांची घाई नव्हती.

"काकू, चहा उकळतोय," ईशा म्हणाली. खरंच उतू जायला आला होता. मी गॅस बंद केला आणि तिच्या शेजारी येऊन बसले. तिचं निवेदन चांगलं होतं. 'आय' भरपूर होते त्यात, आणि ते मला आवडले. ती शेवटच्या पानावर आली होती.

"'अदर नेम्स यूज्ड.' हू ईव्हन हॅज दॅट? आय'ल जस्ट लीव्ह इट ब्लँक."

"तुझं एकच नाव आहे. तू सोड," मी म्हटलं.

मग तिला अर्धा कप चहा दिला आणि तिच्या आईचा डबा परत न्यायला सांगितला, गेल्या महिन्यात ढोकळा घालून आलेला. आत चकल्या भरल्या. त्या शिष्यवृत्तीच्या अर्जानंतर व्हिसाचे, परवान्याचे, नोकरीचे, दवाखान्याचे कितीतरी फॉर्म मी भरले आहेत. प्रत्येकावर तो एक चौकोन असतोच. आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. मी त्या चौकोनातही कुंदा आगाशे लिहिते, सावकाश, सर पाठीशी उभे असल्यासारखं.